मुंबई ते केपटाऊन : किलोमीटरचा हिशेब वेगळा, तासांचा हिशेब वेगळा

कापडाच्या धंद्यात कापड मीटरने मोजतात आणि सूत किलोने. सफर कशाने मोजायची, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशी गिऱ्हाइकाकडे नमुने घेऊन निघालेला व्यापारी ट्रॅव्हल एजंटला पहिला सवाल विचारतो तो भाड्याचा. दुसरा सवाल सामानाच्या वजनाचा. "घरातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या दुकानात पोहोचेपर्यंत एकूण किती तास?" हा तिसरा सवाल बहुधा राहूनच जातो. माझाही राहिला होता. त्याची किंमत मी तर मोजलीच, पण माझ्याबरोबर भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्यानेही मोजली. व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून तो हिशेब येथे मांडत आहे.

उदाहरणासाठी मुंबई आणि केपटाऊन ही दोन विमानतळे घेतली आहेत. एक हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसरे आफ्रिका खंडाच्या पार दक्षिण टोकाजवळ. हिशेबाची रीत एकदा समजली की मुंबई ते न्यूयॉर्क असो की मुंबई ते लागोस, कोणत्याही दोन गावांना ती लागू पडते.

केपटाऊनशी नाते जुने आहे

केपटाऊन हे नाव कोकणात परके नाही. रत्नागिरी आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जाऊ लागले. काहींनी मजुरी केली, काहींनी छोटी दुकाने टाकली आणि तेथेच स्थायिक झाले. डर्बनकडे गेलेले मेमन आणि सुरती व्यापारी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेले, म्हणून तिकडच्या इतिहासात त्यांना 'पॅसेंजर इंडियन' असे नाव पडले. कापड हा त्यांच्या मुख्य धंद्यांपैकी एक होता.

त्या काळी अंतर दिवसांत मोजत. पुढे 'करंजा' आणि 'कंपाला' या आगबोटी मुंबईहून पूर्व आफ्रिकेची बंदरे घेत घेत डर्बनपर्यंत जात. घरच्या माणसाचे पत्र यायला आठवडे लागत. मग व्यापाराचा रस्ताच बंद झाला. १९४६ मध्ये हिंदुस्थानने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तो पुन्हा रीतसर सुरू झाला १९९३ मध्ये. म्हणजे जवळजवळ ४७ वर्षे मधे गेली. एवढ्या काळात नातेवाईक राहिले, पण गिऱ्हाइकी दुसऱ्या देशांच्या हाती गेली. ती परत मिळवायची तर माल चांगला हवा, दर बरोबर हवा आणि माणूस वेळेवर पोहोचायला हवा.

सरळ रेषा किती लांब?

मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा मुंबईवर धरा आणि दुसरे टोक केपटाऊनवर ठेवून ताणा. दोरा ज्या रेषेवर बसेल तीच सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ही वाट मिळत नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की रेषा वाकड्या होतात. गोलावरच्या दोऱ्याचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई ते केपटाऊन हा दोरा ७४ अंशांचा भरतो. म्हणजे सुमारे ८,२३० किलोमीटर.

येथे एक सावधगिरी. कागदावर अंतर मैलात दिले असेल तर कोणता मैल ते पाहावे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैल वापरतात. हेच अंतर साध्या मैलात सुमारे ५,११५ आणि सागरी मैलात सुमारे ४,४४५ होते. आकडे दोन, वाट एकच. गज आणि मीटर यांत गल्लत केली की ठाण्यामागे जसे नुकसान होते, तशीच ही गल्लत.

आता वेळ. मोठे जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने उडते. ढोबळ हिशेबासाठी अंतराला ८५० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर धरावा. ८,२३० ला ८५० ने भागले की नऊ तास चाळीस मिनिटे. त्यात अर्धा तास. म्हणजे सव्वादहा तासांच्या आसपास.

पण हा हिशेब दोऱ्याचा झाला. मुंबईहून केपटाऊनला थेट विमान नाही. कोठेतरी उतरून दुसरे विमान पकडावे लागते, आणि खरा हिशेब तेथेच सुरू होतो.

वाटा किती आणि कोणती लांब?

जोहान्सबर्गची वाट पाहा. मुंबई ते जोहान्सबर्ग सुमारे ६,९६० किलोमीटर, तेथून केपटाऊन सुमारे १,२७०. बेरीज ८,२३०. म्हणजे जोहान्सबर्ग जवळजवळ दोऱ्यावरच बसलेले आहे, आडवाट काहीच नाही. पूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कंपनीचे विमान मुंबईहून थेट जोहान्सबर्गला जात असे. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली.

नैरोबीमार्गे मुंबई ते नैरोबी सुमारे ४,५३० आणि पुढे ४,१००. बेरीज ८,६३०. दोऱ्यापेक्षा फक्त ४०० किलोमीटर जास्त.

आदिस अबाबामार्गे ३,८३५ आणि ५,२३०. बेरीज ९,०६५. आडवाट सुमारे ८३५ किलोमीटर, म्हणजे उडण्याचा एक तास.

दुबईमार्गे १,९२५ आणि ७,६४५. बेरीज ९,५७०. आडवाट १,३४० किलोमीटर, दीड तासाहून थोडे जास्त.

दोहामार्गे २,२९० आणि ७,४५५. बेरीज ९,७४५. आडवाट दीड हजार किलोमीटरच्या वर.

हे आकडे सरळ रेषेचे आहेत. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, वादळ टाळत आणि कंट्रोल टॉवरच्या परवानगीने जाते, त्यामुळे थोडी वाढ होतेच.

आकडे पाहून कोणीही म्हणेल की नैरोबी चांगली आणि दोहा वाईट. पण घाई करू नका. दीड हजार किलोमीटरची आडवाट उडण्याचे पावणेदोन तास खाते. मधल्या विमानतळावरचा लांब थांबा मात्र दहा-दहा तास खातो. दुबईला तीन तास थांबून जाणारा माणूस, नैरोबीला अकरा तास बसणाऱ्याच्या कितीतरी आधी केपटाऊनला पोहोचतो. आखाती विमानतळांचा धंदा यावरच उभा आहे. वाट लांबची, पण विमाने पुष्कळ आणि जोडण्या जवळजवळच्या. म्हणून अंतर पाहून तिकीट काढू नये, तास पाहून काढावे.

घड्याळ कसे फसवते?

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. पुष्कळ लोक या दोन वेळा सरळ वजा करतात आणि फसतात.

हिंदुस्थानची वेळ लंडनच्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. दुबईची चार तास पुढे. दक्षिण आफ्रिकेची दोन तास पुढे. म्हणजे केपटाऊन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, बाराही महिने.

एक नमुन्याचे वेळापत्रक घेऊ. मुंबईहून रात्री १० वाजता निघालात. सव्वातीन तासांनी दुबईला उतरलात तेव्हा तुमच्या मनगटावर सव्वा वाजला आहे, पण तेथील घड्याळात रात्रीचे पावणेबारा. पहाटे ४ वाजता दुसरे विमान, म्हणजे सव्वाचार तासांचा थांबा. पुढे नऊ तास चाळीस मिनिटांचे उड्डाण. केपटाऊनला उतरलात तेव्हा तेथे सकाळचे ११ वाजून ४० मिनिटे.

तिकिटावर रात्री १० ते सकाळी ११.४०, म्हणजे तेरा तास चाळीस मिनिटे दिसतात. त्यात साडेतीन तास मिळवा. खरी सफर सतरा तास दहा मिनिटांची.

परतीला उलटे. केपटाऊनहून संध्याकाळी ६ ला निघालात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मुंबईला उतरलात, तर कागदावर साडेवीस तास दिसतात. त्यातून साडेतीन वजा करा. खरे सतरा तास. जाताना तेरा-चौदा आणि येताना वीस, असे वाटून एजंटशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही सफरी जवळजवळ सारख्याच असतात. फरक घड्याळाचा.

सोपी रीत अशी : पश्चिमेला जाताना वेळेचा फरक मिळवावा, पूर्वेला येताना वजा करावा.

हे आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. सकाळी ११.४० ला उतरलेल्या माणसाच्या शरीराच्या हिशेबाने दुपारचे तीन वाजून गेलेले असतात, आणि रात्रभर नीट झोप झालेली नसते. त्याच दुपारी दराची बोलणी ठेवू नयेत. थकलेला माणूस मीटरमागे दोन रुपये सहज सोडून देतो. रमजानमध्ये सफर असेल तर पश्चिमेकडे जाताना रोजाही तितक्याच तासांनी लांबतो, तेही ध्यानात घ्यावे.

वारा आणि उंची

जाणे आणि येणे यांत थोडा खरा फरकही असतो, तो वाऱ्याचा. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. म्हणून मुंबईहून दुबईला जाताना लागतो त्यापेक्षा परतताना वीस-पंचवीस मिनिटे कमी वेळ लागतो. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तेथे हाच फरक तास-दीड तासापर्यंत जातो. दुबई ते केपटाऊन हा टप्पा मात्र बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने त्याला या वाऱ्याचा फायदा-तोटा कमी.

दुसरी गोष्ट विमानतळाच्या उंचीची. मुंबईचे विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. केपटाऊनचेही ५० मीटरच्या आत. पण नैरोबीचे १,६०० मीटरच्या वर, जोहान्सबर्गचे सुमारे १,७०० मीटर आणि आदिस अबाबाचे २,३०० मीटरच्या वर आहे. उंचावर हवा विरळ असते. विमानाला उचलायला धावपट्टी लांब लागते, म्हणून जोहान्सबर्गची मोठी धावपट्टी चार किलोमीटरपेक्षा लांब आहे. उन्हाच्या दिवशी तर विमानाला भारही कमी घ्यावा लागतो. हवाई मालाची पेटी कधी कधी "पुढच्या विमानाने येईल" म्हणून मागे राहते, त्याचे एक कारण हे.

माझे नुकसान कसे झाले?

२००९ ची गोष्ट. त्या वर्षी रमजान ईद सप्टेंबरात होती. केपटाऊनच्या एका कोकणी दुकानदाराला ईदच्या हंगामासाठी सुती ओढण्या आणि स्कार्फचा मोठा माल हवा होता. माल जहाजाने जाणार, म्हणून ऑर्डर मे महिन्यातच पक्की व्हायला हवी होती. त्यांनी मला एका शुक्रवारी सकाळची वेळ दिली. दुपारनंतर ते आठ दिवसांसाठी बाहेरगावी जाणार होते.

भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याशी माझी बोलणी झाली होती. त्याच्याकडे २४ माग. ऑर्डर मिळाली असती तर सहा आठवडे दोन्ही पाळ्यांना काम होते. माझ्या शब्दावर त्याने उधारीने सूत उचलले, सायझिंग करून बीम तयार ठेवले.

मी तिकीट काढले ते दोन तुकड्यांचे. मुंबई ते आखातातील एक विमानतळ एका कंपनीचे, तेथून पुढे केपटाऊन दुसऱ्या कंपनीचे. एकत्र तिकिटापेक्षा सात हजार रुपये वाचले. मधे दोन तास होते. मला ते भरपूर वाटले. शुक्रवारी पहाटे पोहोचून सरळ दुकानात जायचे, असा बेत.

मुंबईचे विमान पन्नास मिनिटे उशिरा उतरले. दोन तासांचे सत्तर मिनिटे झाले. काउंटरवर सांगितले गेले की दोन तिकिटे वेगळी असल्याने सामान आपोआप पुढे जाणार नाही. बाहेर जाऊन पेटी घ्यायची तर त्या देशाचा व्हिसा हवा, तो माझ्याकडे नव्हता. माझी पेटी शोधण्यात आणि कागद करण्यात वेळ गेला. गेट बंद झाले. पुढच्या कंपनीने सांगितले, तुम्ही वेळेवर आला नाहीत, जबाबदारी तुमची. पहिलीने सांगितले, आम्ही तुम्हाला येथवर आणले, आमचे काम संपले. नियमाने दोघांचेही बरोबर होते.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाचे नवीन तिकीट काढले. केपटाऊनला पोहोचलो शनिवारी. नमुन्यांची पेटी आली सोमवारी. दुकानदार शुक्रवारी दुपारीच निघून गेले होते. जाण्यापूर्वी ऑर्डर दुसऱ्या देशाच्या माणसाला देऊन गेले. फोनवर अदबीनेच बोलले. म्हणाले, "भाई, तुमचा कपडा चांगलाच असेल, मला शंका नाही. पण माझ्या जहाजाची तारीख कोणासाठी थांबत नाही."

त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केले असते.

परत येऊन भिवंडीला गेलो. मागवाल्याने बीम दाखवले. एक शब्द वाकडा बोलला नाही. एवढेच म्हणाला, "सेठ, सूतवाल्याला महिनाअखेर द्यायचे आहेत." शेवटी ते कापड ग्रे मध्येच बाजारभावाने काढावे लागले. तूट आम्ही निम्मी-निम्मी वाटून घेतली. पण रात्रपाळी बंद झाली, आणि त्या पाळीचे दोन कारागीर त्यांच्या गावी निघून गेले. वाचवले होते सात हजार रुपये.

मधल्या थांब्याचे कायदे

तेव्हापासून मी मधल्या थांब्याबद्दल जे शिकलो ते असे.

पहिले, तिकीट एकच असावे. मुंबईपासून अखेरच्या गावापर्यंत एका तिकिटावर सफर असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवणे हे कंपनीचे काम होते. सामानही शेवटपर्यंत लावले जाते. दोन वेगळी तिकिटे असतील तर ती दोन वेगळ्या सफरी समजल्या जातात.

दुसरे, प्रत्येक विमानतळाची 'कमीत कमी जोडणी वेळ' ठरलेली असते. त्याहून कमी वेळाचे एकत्र तिकीट कंपनी देत नाही. पण ती वेळ सर्व काही वेळेवर झाले तर पुरणारी असते. व्यापाऱ्याने त्यात तासभर स्वतःचा मिळवावा. तीन तासांचा थांबा कंटाळवाणा असला तरी स्वस्त पडतो.

तिसरे, जोहान्सबर्गची वाट दोऱ्यावर असली तरी तेथे दक्षिण आफ्रिकेत पहिले पाऊल पडते. म्हणून इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे, कस्टम आणि मग देशांतर्गत विमानासाठी सामान पुन्हा देणे, हे सर्व तेथेच करावे लागते. केपटाऊनला सरळ उतरणाऱ्या विमानात ही धावपळ नाही. जोहान्सबर्गला दोन तासांत भागवायचा हट्ट धरू नये.

चौथे, मधला देश शांत आहे की नाही ते पाहावे. २३ जून २०२५ रोजी कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले तेव्हा हजारो प्रवासी वाटेत अडकले. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश हिंदुस्थानी विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसे घ्यावे लागले आणि उड्डाणाचे तास वाढले. गावे तेथेच राहतात, अंतर मात्र वाढते.

पिवळ्या तापाचा दाखला

नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनी हे नीट वाचावे. केनिया आणि इथिओपिया हे देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा झाला तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. आपल्या देशाचा नियमही कडक आहे. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत येथे उतरणाऱ्याकडे दाखला नसेल तर त्याला वेगळे ठेवता येते. विमानतळाच्या आतच थांबलेल्यांना त्यातून सवलत असली, तरी वाद घालत बसण्यापेक्षा दाखला जवळ असलेला बरा.

लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणजे एकदाच टोचून घ्यायची, पण निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. स्वस्त तिकिटात चौदा तासांचा थांबा असेल तर हाही खर्च हिशेबात धरावा.

नमुन्यांची पेटी

नमुने दोन ठिकाणी ठेवावेत. प्रत्येक जातीचा एक एक तुकडा, रंगांचे कार्ड आणि दरपत्रक हातातल्या बॅगेत. बाकीचे मोठे नमुने पेटीत. पेटी उशिरा आली तरी बोलणी थांबत नाहीत. हे मी २००९ मध्ये केले असते, तर निदान शनिवारी तेथल्या दुसऱ्या दोन दुकानांत रिकाम्या हाताने बसलो नसतो.

पेटी आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची नक्कल घ्यावी. आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. मुदत गेली की हक्क गेला.

नमुने हवाई मालाने आधी पाठवायचे असतील तर वजनाचा हिशेब समजून घ्यावा. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन यांत जे जास्त त्याचे भाडे. ६० बाय ५० बाय ४० ची पेटी म्हणजे २० किलो. आत जाळीच्या ओढण्या असून खरे वजन १२ किलोच असले तरी भाडे २० किलोचे. म्हणून हलका माल दाबून बांधावा. कुरिअरवाले पुष्कळदा ६,००० ऐवजी ५,००० ने भागतात, तेव्हा तीच पेटी २४ किलोची होते.

दारापासून दारापर्यंत

आता पुरा हिशेब. भिवंडीहून मुंबई विमानतळ, रस्त्याची गर्दी धरून दोन तास. विमानतळावर तीन तास आधी. विमानांची आणि थांब्याची सफर सतरा तास दहा मिनिटे. केपटाऊनला इमिग्रेशन आणि सामान, दीड तास. तेथून शहर पाऊण तास. बेरीज चोवीस तास पंचवीस मिनिटे.

दोऱ्यावर सव्वादहा तासांची वाट प्रत्यक्षात एक पूर्ण दिवस-रात्र खाते. विमान ताशी ८५० किलोमीटरने उडते, पण व्यापारी दारापासून दारापर्यंत ताशी ३४० च्याही आतच सरकतो. हा फरक कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो. तो आपणच आपल्या वहीत लिहायचा.

तिकिटाचे पैसे देण्यापूर्वी एजंटला हे सवाल विचारावेत :

१. एकूण खरे तास किती, घड्याळाचा फरक धरून?
२. तिकीट एकच आहे की दोन? सामान शेवटपर्यंत लागेल का?
३. मधला थांबा किती तासांचा? विमान किंवा टर्मिनल बदलायचे आहे का?
४. हे विमान चुकले तर त्याच गावाला पुढचे विमान किती तासांनी?
५. मधल्या देशाचा व्हिसा किंवा लसीचा दाखला लागतो का?
६. मुंबई भागात २०२५ पासून नवी मुंबईचेही विमानतळ सुरू झाले आहे. तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे?

यांतला चौथा सवाल सर्वांत महत्त्वाचा. ज्या वाटेवर दिवसातून दोन-तीन विमाने आहेत तेथे चूक चार-सहा तासांत भरून निघते. जेथे आठवड्यातून तीनच विमाने आहेत तेथे ऑर्डर जाते.

२०१२ मध्ये मी पुन्हा केपटाऊनला गेलो. एकच तिकीट, साडेतीन तासांचा थांबा, आणि भेटीच्या दोन दिवस आधी पोहोचलो. एक दिवस झोप काढली, दुसऱ्या दिवशी बाजार फिरून दर पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याच दुकानदारांसमोर बसलो. त्यांनी मागची गोष्ट काढली नाही. ऑर्डर पहिल्यापेक्षा लहान होती, निम्म्याहूनही कमी. पण मिळाली, आणि वेळेवर गेली म्हणून पुढल्या वर्षी परत आली.

माल त्याच भिवंडीच्या मागांवर विणला. गेलेल्या दोन कारागिरांपैकी एक परत आला होता. दुसऱ्याने गावीच चहाची टपरी टाकली, असे कळले.